पाणलोटाचा आकार आणि नदीचा पूर

पावसाळ्यात आपल्या कौलारू घराकडे जरा पाहा. आढ्याच्या अलीकडे पडलेलं पाणी अंगणात येतं, पलीकडचं परसात जातं. नदीचंही असंच आहे. डोंगराची धार हे तिचं आढं. त्या धारेच्या आतलं सगळं पाणी ज्या एका नदीला मिळतं, तो प्रदेश म्हणजे तिचं पाणलोट क्षेत्र.

या क्षेत्राच्या आकाराला फार महत्त्व आहे. क्षेत्र केळीच्या पानासारखं लांबट असेल, तर ओढ्यांचं पाणी मागंपुढं येतं आणि पूर सावकाश चढतो. तेच पंख्यासारखं पसरट असेल, तर सगळ्या दिंड्या एकाच वेळी वेशीवर याव्यात तसं होतं. कोल्हापूरची पंचगंगाच घ्या ना. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या शहराच्या वरच्या अंगाला एकत्र येतात. पाचवी सरस्वती गुप्त मानतात. पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली, तर पंचगंगेचं पाणी मागे तुंबतं. २००५, २०१९ आणि २०२१ साली तिथल्या लोकांनी महापूर सोसला आहे.

मग हा आकार मोजायचा कसा? अमेरिकी अभियंते रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५ साली ओढ्यांना श्रेणी देण्याची रीत मांडली; आर्थर स्ट्रालर यांनी १९५२ साली ती सोपी केली. उगमाचा ओढा पहिल्या श्रेणीचा. असे दोन मिळाले की दुसरी श्रेणी. ओढ्यांच्या एकूण लांबीला क्षेत्रफळाने भागले की प्रवाहांची घनता कळते. ती जास्त असेल, तर पाणी लवकर वाहून जाते.

पूर्वी हे काम नकाशावर दोरा धरून करीत. त्यात आठवडेच्या आठवडे जात. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानाने अकरा दिवसांत पृथ्वीवरील बहुतेक जमिनीची उंची रडारने मोजली. आता सुमारे तीस मीटर बाजूच्या चौकटींत प्रत्येक ठिकाणची उंची संगणकावर मिळते. संगणक प्रत्येक चौकटीला विचारतो, 'तुझ्या आठ शेजाऱ्यांत सर्वांत तीव्र उतार कुणाकडे?' पाणी तिकडे धाडतो, आणि बघता बघता ओढ्यांचं जाळं उमटतं.

पण यंत्रावर डोळे मिटून विसंबू नये. रडारला झाडांचे शेंडेही जमीन वाटू शकतात. सपाट भागात उतार इतका थोडा, की नदीची वाट चुकते. शेताच्या बांधालगतचा अरुंद ओहोळ तीस मीटरच्या चौकटीत हरवून जातो. तेव्हा नकाशा हाती आला, की तो घेऊन गावात जावे आणि म्हाताऱ्या माणसांना विचारावे, 'पाणी कुठवर आलं होतं?' देवळाच्या पायरीवरची खूण आणि संगणकावरची रेघ जुळली, तरच घर कुठं बांधावं आणि कुठं बांधू नये, हे विश्वासानं सांगता येईल.