भोपळा, मगर आणि टाइल्सचा हौद

कुपवाडला नदी नाही. सांगलीला कृष्णा आहे, मिरजेला कृष्णा घाट आहे. कुपवाडच्या वाट्याला माळ आणि एमआयडीसी. १९९८ साली तिन्ही गावांची मिळून एक महापालिका झाली, तेव्हा कागदावर का होईना, कुपवाडकरांना नदी मिळाली. तोवर तिथलं पोरगं पोहायला शिकायचं ते एखाद्या मळ्यातल्या विहिरीत, नाहीतर सायकलवर डबलसीट सांगलीचा घाट गाठून.

या भागाचा सार्वजनिक पोहण्याचा तलाव म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कृष्णाच. फी नाही, शिट्टी नाही, गणवेश म्हणजे चड्डी. साधन म्हणून वाळवलेला कडू भोपळा. आतला गर सुकून बिया खुळखुळू लागल्या की तो पाण्यावर बुचासारखा तरंगतो. असे दोन भोपळे दोरीनं जोडले की झाली सांगड. ‘सांगड घालणे’ हा शब्दप्रयोग आज सभा-संमेलनांत बोकाळला आहे, पण तो जन्मला नदीच्या पाण्यात. ज्यांच्याकडे भोपळा नसे ते पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधत, कुणी पत्र्याचा रिकामा डबा. पोराला धीर आला, की एखाद्या सकाळी थोरला भाऊ किंवा चुलता ती दोरी न सांगताच सोडून टाकी. शिक्षण संपलं.

पुढची परीक्षा सांगलीच्या आयर्विन पुलावर. १९२९ साली उघडलेल्या या दगडी कमानींच्या पुलावर पाण्याची पातळी फुटांत मोजतात. पंचेचाळीस फूट ही धोक्याची खूण. पुराचं पाणी पुलाला भिडायला लागलं की सांगलीची काही तरणीबांड पोरं कठड्यावर चढून सूर मारत, आणि पोलीस त्यांच्यामागे धावत. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. तेव्हा मात्र सूर मारायची हौस कुणाला उरली नव्हती. गूळ रांधायच्या काहिलींच्या होड्या करून लोक बाहेर निघत होते.

नदीवरचं पोहणं आटलं ते पुरानं नव्हे, मगरींनी. भिलवडी, औदुंबर या पट्ट्यात मगरी पहिल्यापासून आहेत. काठच्या वाळूत-मातीत त्या अंडी घालतात, थंडीत उन्हाला पडून राहतात, आणि उन्हाळ्यात, म्हणजे नेमक्या सुट्टीत, पाणी उतरलं की डोहांना धरून असतात. नदीत पोहणारी मुलं मगरीनं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आणि आयांनी घाट बंद केले. त्यात प्रदूषणानं मेलेल्या माशांचा खच पाण्यावर आला, तेव्हा उरलेसुरलेही घरी बसले.

मग आला क्लोरीनच्या वासाचा, बॅचवार चालणारा जलतरण तलाव. जुने नदीवाले त्याला ‘टाइल्सचा हौद’ म्हणून नाक मुरडतात. ओढ नाही, भोवरा नाही, हे कसलं पोहणं! त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे. नदीला फाटक नव्हतं खरं, पण पाणवठे जातींत वाटलेले होते आणि घाटावर पोहायला शिकणारी मुलगी विरळाच. तलावात निदान बायकांची वेगळी बॅच असते. अर्थात तलावालाही सोवळं होतंच: मुंबईच्या ब्रीच कँडीचं दार स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं फक्त युरोपियनांना उघडं होतं, तर चौपाटीवरच्या मफतलाल बाथच्या नावातच ‘हिंदू’ होतं.

आणि टाइल्सच्या हौदाची बाजू घ्यायला इथल्याच मातीतला साक्षीदार आहे. मुरलीकांत पेटकर पेठ-इस्लामपूरचे, कुपवाडहून तासाभराच्या वाटेवरचे. सैन्यात बॉक्सर होते. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं अंग गेलं. उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. ओढ नसलेल्या पाण्यात शरीराचा भार पाणी उचलतं आणि काम फक्त हातांना राहतं. नदीवाले ज्याला उणीव म्हणतात, तीच इथे कामी आली. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पार केली. तो जागतिक विक्रम होता आणि भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. अर्जुन पुरस्कार घ्यायला ते राष्ट्रपती भवनात गेले ते जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी.