१ जानेवारीची मुलं

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात साठी उलटलेल्या माणसांना जन्मतारीख विचारा; चार जण तरी १ जून सांगतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने टाकलेली ती तारीख. त्यापायी फार तर निवृत्ती एखादं वर्ष मागेपुढे झाली असेल. इंग्लंडमध्ये एकट्याने पोचलेल्या अफगाण मुलाच्या कागदांवर अशीच १ जानेवारी पडते, आणि तिच्यावर त्याचं सगळंच अवलंबून असतं.

अठराच्या आत असेल तर १९८९च्या बालक कायद्यानुसार स्थानिक कौन्सिलने त्याला सांभाळायचं: राहायला घर, शाळा, आश्रयाच्या अर्जासाठी वकील. अठरा उलटली असतील तर रवानगी मोठ्यांमध्ये, अनोळखी पुरुषांबरोबर एका खोलीत.

पहिला अंदाज सरकारी अधिकारी बांधतात. रूप आणि वागणं बघून दोघांना तो अठराच्या बराच पुढचा वाटला, की झाला प्रौढ. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे धोरण उचलून धरलं. महिनोन्‌महिने उघड्यावर काढलेल्या पोराचा चेहरा किती वर्षांचा दिसतो, हे ऊसतोडीच्या फडावरची पोरं पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

शंका उरली तर रीतसर तपासणी. तिचे नियम २००३च्या मर्टन खटल्यातून आले: नुसत्या चेहऱ्यावर जाऊ नका, हकिकत ऐका, शंका मुलासमोर मांडा, निर्णयाची कारणं द्या. खोलीत दोन सोशल वर्कर, एक दुभाषी आणि मुलाला आधार म्हणून बसलेलं एक त्रयस्थ मोठं माणूस. प्रश्न साधेच. कितवीत होतास? धाकटी बहीण जन्मली तेव्हा तू केवढा होतास? घर सोडलंस तेव्हा शेतात पीक उभं होतं का? दाढी पहिल्यांदा कधी केलीस?

मुलगा सांगतो, जन्म १३८६चा. हे अफगाण सौर वर्ष. ते २१ मार्चच्या सुमारास सुरू होतं. त्यात ६२१ मिळवले की इसवी सन, पण जानेवारीपासून पुढच्या नववर्षापर्यंत ६२२. शकात ७८ मिळवायची सवय असलेल्या मराठी माणसाला यातली मेख लगेच कळेल. घाईच्या हिशेबात एक वर्ष सहज सांडतं, आणि सतराचा मुलगा अठराचा होतो.

कागद दाखव म्हणावं, तर जुन्या कागदी तझकिऱ्यावर, म्हणजे अफगाण ओळखपत्रावर, बहुधा जन्मतारीख नसतेच. अमुक साली वय पाच, एवढाच शेरा. तोही अनेकदा चेहरा बघूनच मारलेला!

या सगळ्यातून मूल ठरलं, तरी आश्रय मिळतोच असं नाही. अर्ज फेटाळला पण परत पाठवायचं तर तिकडे सांभाळणारं कुणी नाही, अशा मुलाला तात्पुरती परवानगी मिळते. ती अडीच वर्षांची, किंवा साडेसतराव्या वर्षापर्यंतची. यातलं जे आधी संपेल ते. ज्याची जन्मतारीख १ जानेवारी ठरली आहे, त्याला साडेसतरा १ जुलैला पूर्ण होतात.