सात निळे खडे

गेल्या डिसेंबरात लातूरहून भाच्याचा फोन आला. "मामा, मोती चार दिवसांपासून काही खात नाही. पोट फुगलंय आणि सारखा वर तरंगतोय." मोती म्हणजे त्याचा ॲक्सोलॉटल. गुलाबीसर पांढरा, वीतभर लांब, मानेच्या दोन्ही बाजूंना लाल झालरीसारखे कल्ले. माइनक्राफ्ट या खेळात २०२१ साली हा प्राणी आला आणि तेव्हापासून पोरांना त्याचं वेड लागलं. नांदेडला माझ्या घरी वीस वर्षांपासून मासे आहेत, म्हणून असा फोन मलाच येतो.

लोहा-अहमदपूरमार्गे दुपारी पोचलो. टाकीत डोकावलं आणि काय झालं असेल ते लगेच लक्षात आलं. तळाला तुरीच्या दाण्याएवढ्या निळ्या-हिरव्या खड्यांचा थर होता. दुकानदाराने टाकीसोबतच ते दिले होते. "याने छान दिसतं," एवढंच सांगितलं होतं.

ॲक्सोलॉटलला नीट दिसत नाही. तो वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर शिकार हेरतो आणि तोंड एकदम उघडून समोरचं पाणी आत ओढतो. पाण्यासोबत गांडूळ आत जातं, तसा खडाही जातो. दात बारीक असतात, चावणं त्याला माहीत नाही. जे आत गेलं ते गिळलं. खडा आतड्यात अडकला की खाणं बंद होतं, पोट फुगतं आणि बऱ्याचदा जनावर दगावतं. मूळचा तो मेक्सिको शहरातल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला. तिथे तळाला मऊ गाळ असतो.

आम्ही मोतीला रिकाम्या टबात ठेवलं. क्लोरीन काढलेलं गार पाणी रोज बदललं. पाचव्या दिवशी सकाळी भाच्याने फोटो पाठवला. टबाच्या पांढऱ्या तळावर विष्ठेत एक निळा खडा. दहा दिवसांत असे सात खडे पडले. अकराव्या दिवशी त्याने गांडूळ घेतलं, तेव्हा माझ्या बहिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमचं नशीब थोर. सगळ्यांचे खडे असे बाहेर पडत नाहीत.

तळाला मग काय घालावं? पाच-सहा इंचांपेक्षा लहान पिलू असेल तर काहीच नको, नुसती काच बरी. मोठ्याला मात्र गुळगुळीत काचेवर पाय रोवता येत नाहीत. त्याच्यासाठी खरखरीत, चकाकी नसलेली टाइल चांगली. आपल्याकडे घरोघरी शहाबादी फरशीचे तुकडे पडलेले असतात, हात तिकडे जातोच. पण ती चुनखडीची असते. तिच्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाका, बुडबुडे येतील. बोअरचं पाणी आधीच जड, त्यात ही फरशी टाकू नका. वाळू हवीच असेल तर एक मिलिमीटरपेक्षा बारीक घ्या. पिठाच्या चाळणीतून खाली पडते ती, आणि पाणी गढूळ होणं थांबेपर्यंत धुतलेली. थर बोटाच्या पेरापेक्षा जास्त नको, खाली घाण कुजते. शोभेला दगड ठेवायचा तर त्याच्या डोक्याहून मोठाच ठेवा.

खाण्याचंही सांगतो. गांडूळखताच्या वाफ्यातलं लाल गांडूळ बऱ्याचदा तो तोंडात घेऊन थुंकतो, त्याला ते कडू लागतं. शेतातलं मोठं गांडूळ आवडीने खातो, फक्त फवारणी झालेल्या रानातलं आणू नका.

पण खड्यांपेक्षा मला जास्त धास्ती उन्हाळ्याची होती. या प्राण्याला १६ ते १८ अंशांचं पाणी लागतं. २४ च्या वर गेलं की तो आजारी पडायला लागतो. नांदेड-लातूरला मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, पत्र्याखालच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. टाकीवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने दोन-चार अंश कमी होतात, तेवढ्याने भागत नाही. पाणी गार करायचं चिलर यंत्र घ्यावं लागतं, आणि वीज गेल्यावर ते चालायला इन्व्हर्टर. बहिणीने दोन्ही घेतलं. एवढा खर्च सगळ्यांना झेपेल असं मला वाटत नाही. शिवाय पाणी सारखं बदलावं लागतं, आणि लातूर हे २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेलं शहर आहे.

आणखी एक. ॲक्सोलॉटल आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. केंद्र सरकारच्या २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांप्रमाणे असा प्राणी पाळणाऱ्याला परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. विकणाऱ्याकडून कागद घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि कंटाळा आला म्हणून त्याला गोदावरीत किंवा विहिरीत सोडू नका.

सांभाळलं तर हा प्राणी दहा-पंधरा वर्षं जगतो. आज आठवीत असलेलं पोर नोकरीला लागेपर्यंत तो घरात असणार. म्हणून घ्यायच्या आधी एवढंच करा. मे महिन्यात पाण्याची बादली टाकीच्या जागी ठेवा, त्यात थर्मामीटर सोडा आणि आठवडाभर दुपारी तीन वाजता आकडा लिहून ठेवा. तो वीसच्या वर जात असेल आणि चिलर परवडत नसेल, तर तुमच्या घरी ॲक्सोलॉटल आणू नका.