कोल्हारच्या पुलावरचा भूगोल

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपण म्हणतो. ऋषींचे राहू द्या. पण भूगोल शिकणाऱ्या मुलाला नदीचे मूळ शोधल्यावाचून गत्यंतर नाही. त्याचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.

आपल्या प्रवरेचेच घ्या. नगर-मनमाड रस्त्याने राहुरीहून उत्तरेकडे निघाले, की कोल्हारला नदी ओलांडावी लागते. अलीकडे कोल्हार खुर्द, पलीकडे कोल्हार बुद्रुक आणि भगवतीपूर. एस.टी.तला प्रवासी भगवतीच्या नावाने हात जोडतो आणि पुढे जातो. याच पुलावर विद्यापीठातला भूगोलाचा विद्यार्थी थांबला तर तो काय पाहील? आणि मुळात विद्यापीठात जाऊन हा विषय शिकायचा म्हणजे काय करायचे? गावातले पुष्कळ पालक विचारतात, "भूगोल घेऊन पोराचं व्हायचं काय?" प्रश्न रास्त आहे. पण व्हायचे काय हे ठरवण्याआधी शिकायचे काय ते पाहू या.

या विषयाला पर्यावरण भूगोल म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट साधी आहे. जमीन, पाणी, हवा, झाडेझुडे यांच्याशी माणसाचा जो रोजचा देवघेवीचा व्यवहार चालतो, त्याचा हिशेब म्हणजे हा विषय. हिशेब म्हटला की मोजमाप आले, आणि मोजमाप बाकावर बसून होत नाही. काही देशांत उघड्यावरचे शिक्षण हा विद्यापीठात स्वतंत्र विषय आहे. आपल्याकडे तो क्षेत्र-अभ्यास या नावाने भूगोलाच्याच पोटात आहे: नकाशावाचन, होकायंत्राने मोजणी, गावाची पाहणी आणि वर्षाकाठची एक सहल.

मुंबई विद्यापीठात १९१९ साली पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. कोणताही प्रदेश समजून घ्यायचा तर त्याची नदी धरा, असे त्यांचे सांगणे. डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत खोऱ्याचा एक छेद काढायचा आणि त्या उतारावर कोण कुठे राहतो, काय करून पोट भरतो, ते मांडायचे. वर लाकूडतोड्या आणि शिकारी, मध्ये मेंढपाळ, खाली शेतकरी, शेवटी कोळी.

प्रवरेला समुद्र नाही, ती टोक्याजवळ प्रवरासंगमला गोदावरीस मिळते. पण बाकीचा छेद जणू तिच्यासाठीच सांगितला आहे. रतनगडाच्या अंगाखांद्यावर ती उगम पावते. तिथे घाटघर-रतनवाडीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस. भाताची खाचरे, हिरडा, जंगल. तिथून उतरत कोल्हार-राहुरीकडे आलात, की पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. एकच नदी, एकच जिल्हा, आणि पावसात एवढी तफावत! सह्याद्रीने ढग अडवले म्हणजे पलीकडे पर्जन्यछाया पडते, हे वाक्य मुलांना पाठ असते. पण तोच मुलगा एका दिवसात अकोल्याहून कोल्हारपर्यंत एस.टी.ने आला आणि खिडकीतून पिके लिहीत गेला, तर ते वाक्य पुन्हा पाठ करावे लागणार नाही.

आता पुलाकडे येऊ. खालचे पाणी पावसाने आलेले कमी आणि धरणातून सोडलेले जास्त. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले. साठा सुमारे अकरा अब्ज घनफूट. ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघतात. दुष्काळी मुलखात बारमाही पाणी आले. पाण्यामागून ऊस आला, उसामागून कारखाने आले. १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. ही कथा सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा ती इथेच सोडू.

कमी सांगितली जाते ती तिची दुसरी बाजू. खोल काळ्या जमिनीत उसाला पाण्यावर पाणी दिले, त्यात कालव्याची गळती मिळाली, की जमिनीखालची पाण्याची पातळी वर चढते. ती वरच्या थराजवळ आली, की दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर येते. ऊन त्या पाण्याची वाफ करते. पाण्यातला क्षार मात्र मागे राहतो. मग एक दिवस बांधाच्या कडेला पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. ती खारवट जमीन. दुसरी चोपण, ती वाळल्यावर दगडासारखी होते आणि पाणी दिले तर वरच तुंबते, कारण तिच्यात सोडियम चिकटून बसलेला असतो. खारवटीला निचऱ्याचे चर काढून चांगल्या पाण्याने क्षार धुवावा लागतो, चोपणीला निचऱ्याबरोबर जिप्समही लागते. दोहोंत गल्लत केली तर पैसा वाया जातो. म्हणून माती तपासल्याशिवाय उपाय करू नये.

हा रोग नवा नाही. पाटाचे पाणी शेतीला कसे द्यावे, याच्या अभ्यासासाठी मुंबई सरकारने १९१६ साली खास विभाग काढला. तोच वाढत वाढत खडकवासल्याचे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाला. इंग्लिस नावाच्या अभियंत्याने दख्खनच्या कालव्यांखालच्या पाणथळ जमिनींचा आणि निचऱ्याचा अभ्यास त्याच काळात केला. म्हणजे शहाणपण शंभर वर्षे कागदावर आहे. बांधावर ते पोचवायला माती, पाणी आणि नकाशा तिन्ही वाचता येणारा माणूस हवा, आणि तो गावातलाच असेल तर बरे. परक्याला शेतकरी आपली खराब झालेली जमीन सहसा दाखवीत नाही.

पालकांच्या प्रश्नाचे उत्तर इथे थोडे मिळते. भूगोलाचा पदवीधर शिक्षक होतो, स्पर्धा परीक्षांना बसतो, नकाशे आणि उपग्रहचित्रांच्या कामात जातो, पाणलोट आणि भूजलाच्या कामांत त्याला वाव असतो. पण स्पष्ट सांगितलेले बरे: नुसत्या नोट्सवर पदवी मिळवलेल्याला यातले फारसे काही साधत नाही.

आणि नोट्सचेच राज्य आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्यास सांगितले, पुढे तो विषय सर्व शाखांच्या पदवीला आला. सक्तीचा झाला आणि पुष्कळ ठिकाणी पुस्तकी झाला. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीला क्षेत्र-प्रकल्पाचे श्रेयांक आहेत. संधी चांगली आहे. पण वहीतले आकडे संगणकावरून उतरवून घेतलेले असतील, तर त्या श्रेयांकांनी कोल्हारच्या एकाही विहिरीची खोली कळणार नाही.

हिंडण्याने काय हाती लागते, त्याचे उदाहरण याच नदीवर आहे. १९५८ साली बी. पी. बोपर्डीकर यांना प्रवरेच्या डाव्या काठी दायमाबादची पांढरीची टेकाडे सापडली. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची आणि त्याहून जुनी वस्ती तिथे निघाली. पुढे १९७४ साली तिथेच एका माणसाला झाडाच्या मुळाशी खणताना काशाची चार सुरेख चित्रे मिळाली.

शाळेतल्या गुरुजींना विद्यापीठाची वाट पाहण्याचे कारण नाही. २०१८ साली आलेल्या दहावीच्या भूगोलाच्या पुस्तकात पहिलाच पाठ 'क्षेत्रभेट' हा आहे. लांबची सहल नको. भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे मिळवा. हा सारा भाग '४७ आय' या गटात येतो. नकाशात कालवा शोधा. मग कालव्याला लागून दोन, मध्यावर दोन आणि नदीकडे दोन, अशा कठडा असलेल्या सहा विहिरी निवडा. सुती दोरीला फुटाफुटावर गाठी मारा, टोकाला वजन बांधा. दोरी गुरुजींनी सोडावी, मुलांनी कठड्यापासून दूर राहून गाठी मोजाव्यात. मोटार बंद असताना, सकाळी मोजावे. उपसा चालू असला तर आकडा खोटा येतो. कठड्याची उंची वजा करायची, म्हणजे जमिनीपासून पाणी किती खाली ते कळते.

एकदा मेच्या अखेरीस आणि एकदा ऑक्टोबरात, अशी दोनच मापे. कालव्याजवळच्या विहिरीचे पाणी मेमध्येही वर राहिले तर का, नदीकाठची विहीर लवकर का आटली, तिथून वाळूचा उपसा होतो काय, हे प्रश्न मुले आपण होऊन विचारतील. त्यांची उत्तरे एका वर्षात मिळणार नाहीत. म्हणून आकड्यांची वही मुलांच्या घरी जाऊ देऊ नये. ती शाळेच्या कपाटात ठेवावी. पुढच्या वर्षीच्या वर्गाला लागेल.