मूल रात्री किंचाळून उठते तेव्हा

(द्वितीय वर्ष, कला)

तान्हे बाळ झोपेत हसले की आमच्याकडे म्हणतात, सटवाई हसवते आहे. ओठ काढून रडवेले तोंड केले की सटवाई रडवते आहे. हे ऐकायला गोड आहे आणि त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण तेच मूल तीन-चार वर्षांचे झाले आणि रात्री किंचाळत उठू लागले की समजुतीचे रूप पालटते. मग कोणाची तरी दृष्ट लागलेली असते, तिन्हीसांजेला कोणीतरी त्याला पिंपळाखालून नेलेले असते, आणि हे ‘कोणीतरी’ म्हणजे बहुधा त्याची आईच निघते. मानसशास्त्र हा विषय घेतल्यापासून या प्रश्नाकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. जे वाचले आणि जे घरात पाहिले, ते येथे मांडतो.

दिवा मालवला की अंधार, तशी झोप ही एकच एक अवस्था आहे असे आपल्याला वाटते. १९५३ साली शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि ही कल्पना मोडीत निघाली. ॲसेरिन्स्कीने आपल्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांजवळ तारा चिकटवून रात्ररात्र नोंदी घेतल्या होत्या. झोपेत मधूनमधून मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, तेव्हा मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कामात असतो आणि ठळक स्वप्ने बहुतेक याच वेळी पडतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला ‘रेम’ झोप म्हणतात. उरलेली झोप शांत असते; तिच्यात हलकीपासून गाढपर्यंत पायऱ्या असतात. मोठ्या माणसात या साऱ्याची एक फेरी साधारण दीड तासाची, तान्ह्या बाळात तासाभराची किंवा त्याहून थोडी कमी. नवजात बाळाची सुमारे निम्मी झोप रेम प्रकारची असते. सटवाई हसवते ती या झोपेत.

प्रत्येक फेरीच्या शेवटी झोप पातळ होते. आपणही तेव्हा कूस बदलतो, पांघरूण ओढतो आणि सकाळी आपल्याला ते आठवत नाही. बाळ मात्र ज्या स्थितीत झोपी गेले तीच स्थिती शोधते. छातीशी झोपले असेल तर छाती, झोळीत झोपले असेल तर झोका. झोका थांबला म्हणून ते रडते, हट्टी आहे म्हणून नव्हे. शिवाय पहिले काही महिने भुकेने उठणे स्वाभाविकच आहे, आणि दिवस-रात्रीतला फरक त्याच्या शरीराला दोन-तीन महिन्यांनंतर कळू लागतो. परदेशी पुस्तकांत यावर उपाय दिलेला असतो की मूल पेंगुळलेले पण जागे असतानाच त्याला त्याच्या खोलीत नेऊन ठेवावे. यातला पहिला भाग चांगला आहे. दुसऱ्या भागासाठी आधी खोली पाहिजे. आमच्या घरात माणसे सात आणि खोल्या दोन, त्यातल्या एकीत चूल. आईजवळ मूल झोपते हा मला काही दोष वाटत नाही. आईची झोप त्यापायी मोडत असेल तर तो प्रश्न खरा, आणि तेव्हा घरातल्या इतरांनी उठून झोळीची दोरी हातात घ्यायला काय हरकत आहे?

झोप किती हवी याचे आकडे अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने २०१६ साली दिले, ते दुपारची झोप धरून आहेत. चार महिने ते एक वर्षापर्यंत १२ ते १६ तास, पुढे दोन वर्षांपर्यंत ११ ते १४, आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३. हा हिशेब गावाकडे सहज चुकतो. कुठे दहा-साडेदहापर्यंत मूल मोबाइल पाहत जेवते, कुठे लग्नसराईत वाजंत्री चालू असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत आईबाप कोपीत भल्या पहाटे उठतात आणि त्यांच्याबरोबर मूलही उठते. झोप अपुरी पडली की मोठे माणूस पेंगते. लहान मूल पुष्कळदा उलट चेकाळते. मग ‘याला झोपच नाही’ असे म्हणून त्याला आणखी उशिरा झोपवतात.

ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट आता सांगतो. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा चार वर्षांचा असतानाची हकिगत. नऊला झोपला की साडेदहाच्या सुमारास तो एकदम उठून बसे. डोळे सताड उघडे, अंग घामाने निथळलेले, आणि किंकाळी अशी की शेजारची दारे उघडत. ताई जवळ घ्यायला गेली तर तिलाच ढकलून देई, जणू ओळखतच नसे. पाच-दहा मिनिटांनी आपोआप आडवा होई. सकाळी विचारले तर त्याला काहीच आठवत नसे. तिच्या सासूबाईंचे मत पहिल्याच रात्री ठरले. लिंबू उतरवले, मीठ-मिरच्या ओवाळल्या, शेवटी एका देवऋष्याकडे नेले. त्याने बाधा तर सांगितलीच, वर ती आईच्या वाटेने आली असेही सांगितले. पुढचे दोन महिने ताईने त्या घरात कसे काढले, ते येथे लिहिण्यासारखे नाही.

याला मानसशास्त्रात निद्राभय म्हणतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. त्या झोपेतून वर येताना काही मुलांच्या मेंदूचा एक भाग जागा होतो आणि दुसरा झोपलेलाच राहतो. हातपाय, आवाज, छातीची धडधड जागी. ओळख आणि आठवण झोपेत. म्हणून डोळे उघडे असून ते आईला ओळखत नाही. पाहणाऱ्याला भयंकर वाटते, पण मुलाला सकाळी त्याचा मागमूस नसतो. झोपेत चालणे आणि अर्धवट जागे होऊन गोंधळणे याच कुळातले, आणि हे कुळ घराण्यात उतरते. (आमच्या दाजींना लहानपणी झोपेत उठून चालायची खोड होती, हे त्यांच्या आत्याबाईंनी नंतर हसत हसत सांगितले. तोवर वाट आईचीच होती!) ताप, मानसिक ताण आणि विशेषतः अपुरी झोप यांनी निद्राभय वाढते. भाचा त्याच वर्षी अंगणवाडीत जाऊ लागला होता आणि त्याची दुपारची झोप सुटली होती.

अशा वेळी मुलाला गदागदा हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये. ते कोठे आपटणार नाही एवढे पाहून शांतपणे जवळ बसावे. सकाळी खोदून विचारू नये, त्याने उगाच भीती बसते. रात्री लवकर झोपवावे. प्रकार रोज ठराविक वेळी होत असेल तर त्याआधी पंधरा-वीस मिनिटे मुलाला हलकेच चाळवून पुन्हा झोपू द्यावे, आणि हे काही आठवडे नेटाने करावे. तालुक्याच्या डॉक्टरांनी हेच सांगितले. ताईने तसे केले आणि महिन्याभरात किंकाळ्या थांबल्या.

त्या उपायानेच थांबल्या असे मात्र मी छातीठोकपणे म्हणणार नाही. निद्राभय वय वाढते तसे बहुतेक मुलांत आपोआप ओसरते. देवऋष्याचे दुकान चालते ते याच्याच जोरावर, कारण आपोआप थांबणाऱ्या गोष्टीचे श्रेय शेवटच्या उपायाला मिळते. लिंबू उतरवून काही नुकसान होत नाही असे म्हणणारे मित्र मला भेटतात. लिंबाने होत नसेल. पण बाधा म्हटली की ती कोणाकडून आली हा पुढचा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर घरातल्या सुनेवर येऊन थांबते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही येथे सांगून ठेवतो.

दुःस्वप्न हा वेगळा प्रकार. तो रेम झोपेतला, म्हणून बहुधा उत्तररात्री येतो. मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते, वाघ आला होता असे सांगते. त्याला जवळ घेऊन धीर द्यावा, एवढे पुरते.

मूल गुंगीत ठेवण्याची युक्ती जुनी आहे. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बाया तान्ह्या मुलांना अफूची बाळागोळी देऊन कामावर जात. शाही मजूर आयोगाच्या १९३१ च्या अहवालात त्याची दखल घेतलेली आहे. त्या बायांना नावे ठेवणे सोपे आहे, पण मुलाला ठेवायचे कोठे? आज बाळागोळी गेली, तरी सर्दीचे गुंगी आणणारे औषध ‘जरासे’ पाजून मूल झोपवणारी घरे मी पाहिली आहेत. ते झोपेचे औषध नव्हे, आणि जास्त झाले तर मुलाचा श्वास मंदावतो.

काही तक्रारी मात्र खरोखर डॉक्टरांच्या आहेत. मूल रोज घोरत असेल, तोंड उघडे टाकून झोपत असेल, मध्येच श्वास अडकून दचकत असेल, तर घशातल्या किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात. घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे. रात्री गुदद्वाराशी खाज सुटून चुळबुळ करणाऱ्या मुलाला बारीक पांढरे जंत असू शकतात, कारण त्यांची मादी रात्रीच बाहेर येऊन अंडी घालते. पाय सतत झाडणाऱ्या मुलाचे रक्त तपासावे. अंगात लोह कमी असले की असे होते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ६७.१ टक्के रक्तक्षयी आढळली. ओरडण्याबरोबर अंग ताठ होत असेल, एकाच बाजूचे हातपाय झटकत असतील, लाळ गळत असेल किंवा एका रात्रीत तेच तेच अनेकदा होत असेल, तर ते फिटही असू शकते. तेथे वाट पाहू नये. डॉक्टरांकडे जाताना किती वाजता झाले, किती वेळ टिकले हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून न्यावे, आणि जमल्यास मोबाइलवर त्या प्रकाराचे चित्रण करून दाखवावे. ताईने दाखवलेले चित्रण डॉक्टरांनी दोनदा पाहिले आणि मगच बोलायला सुरुवात केली.