निपाह नेमका पकडला कोणी?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)

एखादा अनोळखी रोग पसरायला लागला, तर सरकारला कळतं कसं? कुठेतरी मोठं यंत्र असेल, घंटा वाजत असेल, असं आपल्याला वाटतं. तसं काही नसतं. एकाच विषाणूच्या दोन गोष्टी सांगतो, म्हणजे लक्षात येईल.

पहिली सिलिगुडीची, २००१ सालची. ताप आणि मेंदूला सूज. ६६ रुग्ण, ४५ मृत्यू. त्यातले तीन चतुर्थांश रुग्ण म्हणजे रुग्णालयाचे कर्मचारी किंवा तिथे भेटायला आलेली माणसं. रोगाचं नाव तेव्हा कळलंच नाही. नमुने नंतर तपासले गेले आणि तो निपाह होता हे शोधनिबंधात छापून आलं २००६ मध्ये. साथ तर केव्हाच संपली होती.

दुसरी केरळची, मे २०१८. कोझिकोड जिल्ह्यातल्या पेरांब्राजवळ एक तरुण दगावला. कोणाला शंका आली नाही. मग त्याच्या भावालाही तीच लक्षणं दिसली, तेव्हा डॉक्टर थबकले. एकाच घरात दोघांना असा मेंदूज्वर? नमुने मणिपालच्या विषाणू प्रयोगशाळेत गेले. ती खासगी विद्यापीठाची. तिथे निपाह निघाला. शिक्कामोर्तब केलं आपल्या पुण्याच्या एनआयव्हीने, २० मे रोजी.

आता कोणी म्हणेल, दोनदा तपासणी कशाला? कारण निकाल चुकला तर जिल्हाभर घबराट उडते. आणि बरोबर असला तर त्याच दिवसापासून संपर्कातल्या माणसांच्या याद्या करायच्या असतात. केरळमध्ये दोन हजारांहून जास्त लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. तरीही १७ जण गेले. पहिल्या रुग्णाची सेवा करणारी नर्स लिनी पुथुस्सेरी त्यातलीच. तिने शुश्रूषा केली तेव्हा रोगाचं नावच कोणाला माहीत नव्हतं.

म्हणजे बघा, वॉर्डातली शंका, नमुना नीट बांधून थंड ठेवून पाठवणं, प्रयोगशाळेचा निकाल आणि आरोग्य खात्याचा आदेश, ही एकच साखळी आहे. एक कडी अडली की दिवस जातात, आणि त्या दिवसांत माणसं जातात.

२०२३ मध्ये कोझिकोडला पुन्हा निपाह आला, तेव्हा एनआयव्हीची फिरती प्रयोगशाळाच तिकडे पाठवली गेली. नमुन्याचा प्रवास वाचला. पण त्या गाडीपर्यंत नमुना पोचायला आधी कोणाला तरी शंका यावी लागते, आणि ती विचारायची सोय असावी लागते. तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात अशी शंका आली, तर डॉक्टर फोन कोणाला करतील? एकदा विचारून बघा.

भेटू पुढच्या भागात.