धावीर महाराजांची पालखी आणि तिचा उजेड

पावसाळा ओसरून रात्री नुकत्याच निवू लागलेल्या असतात अशा आश्विन शुद्ध एकादशीस, म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, कुंडलिका नदीच्या काठच्या रोहे गावी ग्रामदैवत धावीर महाराजांची पालखी निघते आणि निघताना तिला सरकारी पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, ही गोष्ट जिल्ह्याबाहेरच्या माणसास सांगितली म्हणजे तो आधी हसतो आणि मग, खरोखरच बंदुका घेतलेले पोलीस देवापुढे उभे राहतात काय, असे विचारतो. उभे राहतात. हा शिरस्ता इंग्रजी अमदानीतला आहे. सरकार बदलले, १९८१ च्या १ जानेवारीस कुलाबा जिल्ह्याचा रायगड झाला, तरी सलामी चुकली नाही. ज्या राज्यकर्त्यांनी इनामांच्या सनदा तपासण्यासाठी कमिशन बसविले, त्यांनीच एका ग्रामदैवतास लष्करी मान द्यावा, यात त्यांच्या श्रद्धेपेक्षा त्यांचा व्यवहार अधिक दिसतो. गाव ज्याच्यापुढे वाकते त्याच्यापुढे आपली बंदूक वाकविली की गावाचे राज्य सोपे जाते, हे त्या धूर्त लोकांना सांगावे लागत नव्हते.

मिरवणुकीतला उजेड सगळीकडे सारखा नसतो. जर्मनीत नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला मुले कागदी कंदील घेऊन गाणी म्हणत हिंडतात. तेथे उजेड हाच उत्सव. आपल्याकडे उजेड हा चाकर. धनी पालखीत बसलेला असतो आणि चाकराने पुढे राहून त्याला वाट आणि वाटेवरचे प्रत्येक दार दाखवायचे असते. रोह्याची पालखी मंदिरातून पहाटे निघते, दिवसभर गाव फिरते, रात्रभर फिरते आणि दुसऱ्या दिवशी परत येते. इतका वेळ कशास लागतो, असे घाईच्या माणसाला वाटेल; पण पालखी आळीआळीने फिरते, उंबऱ्यापाशी थांबते, रांगोळी आणि ओवाळणी स्वीकारते, आणि त्या थांबण्यातच तिचे खरे काम असते. गावाचे लिखित दप्तर तहसील कचेरीत असेल. न लिहिलेले दप्तर वर्षातून एकदा असे दारोदार वाचले जाते.

हे गाव लहान असले तरी त्याच्या वाटेने इतिहास बराच गेला आहे. अवचितगड आणि घोसाळे हे दोन किल्ले त्याच्या आसपासच्या डोंगरांतून पहारा करतात. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी निघालेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन चौलहून रोह्याची जोडवस्ती असलेल्या अष्टमीवरूनच रायगडाकडे गेला. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचे बालपण येथे गेले. पांडुरंगशास्त्री आठवले १९२० साली येथे जन्मले. कोकण रेल्वेचा आरंभही येथूनच होतो. आज पेणच्या रामवाडीवरून एसटीने नागोठण्यामार्गे निघालेला प्रवासी धाटावच्या रासायनिक कारखान्यांच्या धुराड्यांवरून रोहे ओळखतो.

पण माझे लक्ष अधिक वेधते ते पालखीच्या उजेडाकडे. प्रथम दिवटी होती: लोखंडी किंवा पितळी दांड्याच्या तोंडाशी चिंध्यांचा घट्ट पिळा, आणि दुसऱ्या हातात तेलाची बुधली. पिळा विझू लागला की बुधलीतून तेलाची धार सोडायची. धार जाड झाली तर ठिणग्या पागोट्यावर, बारीक झाली तर काळोख. देवस्थानांना दिवाबत्तीसाठी म्हणून जमिनी इनाम मिळत, त्यांच्या मुळाशी हे तेल आहे. मशालजी हा मानकरी होता खरा, परंतु रात्र सरेपर्यंत त्याचे मनगट काळे पडलेले असे, आणि त्याचे नाव कोणाच्या ध्यानात नसे.

पुढे गॅसबत्ती आली आणि तिने मशालीचा धूर संपविला. बर्लिनमध्ये १९१० च्या सुमारास निघालेल्या पेट्रोमॅक्सचे नाव आपल्याकडे इतके रुळले की सगळ्याच बत्त्या पेट्रोमॅक्स झाल्या. ती पेटविणे हा एक विधीच. आधी टाकीच्या वरच्या वाटीत स्पिरिट ओतून काडी लावायची, नळी तापू द्यायची, मग पंप मारून दाब धरायचा. तापल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती बारीक छिद्रातून सुटते आणि मेंटलच्या जाळीत जळते. छिद्र कोंडले तर पिनेने साफ करायचे. मेंटल म्हणजे थोरियमच्या क्षारात बुडविलेली, थोडा सिरियमचा अंश असलेली सुती पिशवी. पहिल्यांदा पेटविताच कापड जळून जाते आणि उरतो तो केवळ राखेचा सांगाडा. तोच शुभ्र तेजाने झगमगतो. हे थोरियम ज्या मोनाझाइट वाळूतून येते ती १९०९ साली एका जर्मन शास्त्रज्ञास त्रावणकोरहून गेलेल्या काथ्याला चिकटलेली सापडली. म्हणजे आपल्याच पश्चिम किनाऱ्याची वाळू परदेशी जाऊन प्रकाश होऊन परत आली, आणि आपण तिला विलायती बत्ती म्हणत राहिलो!

बत्ती डोक्यावर घेऊन चालणाऱ्याची कसरत निराळी. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर सूं सूं करणारी तापलेली टाकी, आणि पायांखाली दगडधोंड्यांची आळी. एक ठेच लागली की राखेचा तो सांगाडा गळून पडे आणि मागच्या भोयांना वाट दिसेनाशी होई. म्हणून जाणता बत्तीवाला गुडघ्यांतून मऊ चाले आणि मान अजिबात हलवीत नसे. देखण्या नर्तिकेलाही न साधणारी ही चाल मोलाने येणाऱ्या माणसांत असे, आणि कौतुक करावेसे वाटले ते मात्र पालखीतल्या मूर्तीचे, हे आमच्या समाजाचे लक्षण मला फारसे आवडत नाही.

वीज आल्यावर बत्तीची गरज उरली नाही. सध्याच्या विजेच्या रोषणाईत चेहरे स्पष्ट दिसतात, छाया मात्र दिसत नाहीत, आणि छायेवाचून उजेड थोडा पोरका वाटतो, असे माझे मत आहे. इतरांचे तसे असलेच पाहिजे असे नाही. बत्ती होती तेव्हा तिचे खरे दिवस तर पालखीनंतर सुरू होत. कार्तिकात खोपोलीजवळ साजगावची जत्रा, अलिबागजवळ वरसोलीची, मार्गशीर्ष पौर्णिमेस चौलच्या दत्ताची, अशी हिवाळ्यातली जत्रांची रांगच जिल्ह्यात लागते. विजेपूर्वीच्या काळात त्या जत्रांतली दुकाने याच बत्त्यांवर चालत; साजगावी तर विठोबाच्या दारात सुक्या मासळीचा बाजार भरतो म्हणून लोक त्या देवालाच बोंबल्या विठोबा म्हणतात, आणि सुक्या बोंबलांच्या राशींवर बत्तीचा पांढरा उजेड पडला की वास आधी कळे आणि भाव मागाहून.